शहाण्णव खण आणि एक फोटो

आपल्या लेकाला काही विचारायची सवय नाही, ही मालकीणबाईंची जुनी तक्रार होती. पण त्या चार दिवस लेकीकडे काय गेल्या, या पठ्ठ्याने दुकानातले शहाण्णवच्या शहाण्णव खण उलथेपालथे करून ठेवावेत?

दुकान बटणांचं. भिंतभर लाकडी खण आणि प्रत्येक खणावर बाहेरून टाचलेलं आतल्या मालाचं एक बटण. वाचायला नको, विचारायला नको. बघा आणि ओढा. दुसरी इयत्ता अर्ध्यात सोडलेल्या मालकीणबाईंनी ही पद्धत स्वतः बसवली होती आणि तीस वर्षं तिने कुणाचा खोळंबा केला नव्हता.

लेक संगणक शिकलेला. त्याने बाहेरचे नमुने तसेच ठेवले आणि आतली बटणं मात्र आकाराप्रमाणे नव्या क्रमाने लावली. खणांना नंबर दिले, प्रत्येक बटणाचा फोटो काढला, एक प्रोग्राम लिहिला. चित्रावर टिचकी मारली की खणाचा नंबर दिसे.

"म्हणजे आता माझ्या नमुन्यांचं काय?"

"शोभेला राहू देत, आई."

"आणि तुझा हा डबा बंद पडला तर?"

"बंद कशाला पडेल?"

आल्या रात्रीच मालकीणबाईंनी संगणकात डोकावून पाहिलं. पडदाभर बटणांचे फोटो विखुरलेले. "घरात मोजे, इथे बटणं! आधी हा पसारा आवर, मग मला अक्कल शिकव."

सकाळी लेकाने निमूटपणे सगळे फोटो उचलून एका नव्या फोल्डरमध्ये ठेवले. शिवाय आईचा राग जावा म्हणून एक युक्ती काढली. "प्रोग्राम उघडला की सगळ्यात आधी तुझा फोटो दिसेल."

मालकीणबाई किंचित विरघळल्या. "लग्नातला नको. त्यात मी अगदीच काडी दिसते."

नवा फोटो घालायचा म्हणजे प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून बांधून घ्यायचा. दुपारी बाराला लेकाने ऐटीत बटण दाबलं आणि पडदा लालेलाल झाला. फाइल सापडत नाही. फाइल सापडत नाही. मोजून सत्त्याण्णव ओळी.

तेवढ्यात फोन वाजला. शाळांचे गणवेश शिवणारे, तीस वर्षांचं गिऱ्हाईक. "पाचला येतो, बाई. परवा तुमच्या चिरंजीवांनी पाऊण तास उभं केलं. आजही तसंच झालं तर समोरच्या दुकानात जाईन. राग मानू नका."

मालकीणबाईंनी फोन ठेवला आणि लेकाकडे पाहिलं.

"तुझ्या फोटोमुळेच झालंय," तो पुटपुटला. "काल छान चालत होतं."

"माझ्या फोटोला काय धाड भरलीय? काढून बघ."

त्याने काढला. चुका शहाण्णव.

"बघ," मालकीणबाई म्हणाल्या. "माझा फोटो निर्दोष सुटला. घाल परत."

लेकाने मित्राला फोन लावला. मित्र म्हणाला, आधीचं सगळं साफ कर आणि नव्याने बांध. लेकाने साफ केलं. नवं काही बांधलं गेलं नाहीच. पण कालपर्यंत धडधाकट चालणारा जुना प्रोग्रामही त्या सफाईत गेला. आता दुकानात कुठलं बटण कुठे आहे, हे एकाही जिवंत माणसाला माहीत नव्हतं.

"अहो, आता?" सुनेने विचारलं.

"थांब गं, विचार करतोय."

"त्याला करू दे विचार," मालकीणबाईंनी पदर खोचला. "तू टोपल्या आण."

सासू-सून खणांना भिडल्या. एकेक खण टोपलीत ओतायचा, बटण ओळखायचं, ज्या खणावर त्याचा नमुना असेल त्यात घालायचं. इकडे लेकाने पडद्यावरून नजर न हलवता संगणक तीनदा बंद करून चालू केला, दोनदा कपाळ बडवलं. साडेचारला शेवटचा खण भरला आणि मालकीणबाई कंबर दाबत त्याच्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय म्हणतोय तो?"

"फोटो सापडत नाहीत म्हणतोय! हे काय, समोर तर दिसतायत!"

"त्याला कोणी सांगितलंय, कुठे शोध म्हणून?"

"ही यादी आहे ना. कुठला फोटो कुठे ठेवलाय, सगळं लिहिलंय."

"कधी लिहिलीस?"

"गेल्या आठवड्यात."

"आणि फोटो हलवलेस कधी?"

"आज सका…" म्हणता म्हणता लेक यादीकडे वळला.

"माल उचलून दुसरीकडे ठेवलास आणि पाटी जुनीच," मालकीणबाई म्हणाल्या. "खणांचं केलंस तेच इथे केलंस. निदान एकसारखा तरी चुकतोस!"

"पण आई, पसारा आवर म्हणून तुम्हीच तर…" सून बोलू लागली.

"तू त्या टोपल्या झटकून ठेव."

लेकाने यादीतला पत्ता बदलला. लाल ओळी पटापट गेल्या. पाचला पाच मिनिटं असताना प्रोग्राम उघडला आणि पडद्यावर मालकीणबाईंचा चेहरा झळकला, आडवा ताणलेला, पण करारी.

पाचाच्या ठोक्याला गणवेशवाले आत आले. "तपकिरी, चार भोकांची. लवकर."

"आत्ता देतो!" लेकाने चित्रावर टिचकी मारली. "सत्तेचाळीस नंबर!" त्याने दिमाखात खण ओढून गिऱ्हाइकापुढे धरला.

आत गुलाबी फुलाफुलांची, लहान मुलींच्या झबल्याची बटणं.

गणवेशवाल्यांनी एकदा बटणांकडे आणि एकदा रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे पाहिलं. मालकीणबाईंनी पाठ न वळवता हात मागे नेला, नमुना चाचपला, खण ओढला आणि तपकिरी बटणं काउंटरवर ओतली. गणवेशवाले हसले, पिशवी भरून घेतली आणि पुढच्या महिन्याचा माल सांगून गेले.

"आई!" लेक ओरडला. "तू बटणं जुन्या जागी ठेवलीस आणि मला सांगितलंही नाहीस! आता माझे शहाण्णवच्या शहाण्णव नंबर चुकीचे!"

मालकीणबाईंनी पडद्यावरच्या आपल्या रुंद चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"मी काही हलवलं नाही, मी पसारा आवरला. आणि नीट ऐक, तुझ्या त्या डब्यात सत्त्याण्णव फोटो आहेत, त्यातला एकच आपल्या जागेवर आहे. तेवढा राहू दे. बाकीचे पूस."