हिराआत्याचा पाठमोरा पिच्चर

हिराआत्याच्या पिच्चरमध्ये तोंड कुणालाच नाही. माणसाला नाही, मेंढीला नाही, घोड्यालासुद्धा नाही. सगळा पाठमोरा कारभार!

माझं पौडात लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. आत्या मालेजवळच्या धनगरवस्तीतली. मागे एकदा शहरातली मंडळी आली, वस्तीतल्या बाप्यांना कोरे फेटे बांधून टेकडीवर उभं केलं आणि शूटिंग करून गेली. आत्याचं डोकंच फिरलं. "आमचा पिच्चर आमीच काडू!" म्हणाली आणि चार महिने मेंढरांमागे मोबाइल घेऊन हिंडली. पिच्चर वस्तीवर देवळापुढे दाखवायचा होता. जोडून द्यायचं काम माझ्या बोकांडी बसलं.

चार तास मी मेंढ्यांची ढुंगणं बघितली. शेवटी तापलो. "आत्या, एक तरी चेहरा दाखवा की! लोक ओळखणार कसे?"

"वळखू येतंय की! ती लंगडी मेंढी, ती चंद्री, आन् त्यो फेंगडा चालतोय त्यो माजा दीर."

"अहो, पण पुढे जाऊन काढायला काय झालं होतं?"

"पुडं हुबं ऱ्हायलं की मेंढरं बुजत्यात, आन् मानूस आधारकार्डावानी तोंड करतंय. मागनं कसं, बिनघोर चालतंय!"

कप्पाळ! मी काढलेल्या लग्नांच्या अल्बमात सगळी आधारकार्डंच आहेत.

सगळ्यात जास्त शूटिंग एकाच पाठीचं होतं. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, डावा खांदा जरा उतरलेला. आत्याचा नवरा. तो मेंढरांच्या पुढे, ही घोड्यावर बिऱ्हाड लादून मागे. "चाळीस वर्सं पाठ बगूनच संसार केला," ती हसून सांगायची. "भांडायचं म्हनलं तरी आदी 'अवं, थांबा' म्हनून वरडावं लागतंय."

जोडणी अर्धी झाली आणि म्हातारा दोन दिवसांच्या तापानं गेला. दिवसपाणी उरकून आत्या दुकानात आली. स्टुलावर बसून तीच पाठ तीनदा बघितली.

"बाबा, तुज्या मशिनीत समदं हुतं म्हनं. ह्यास्नी जरा हिकडं वळीव की. तोंडाचा एक फोटू न्हाई रं घरात. आधारकार्डावर हाय त्यो भलताच कुनीतरी वाटतोय."

मला नाही म्हणवेना. हल्ली एआय काय वाट्टेल ते करतं. म्हातारा गर्रकन वळला आणि पांढरीशुभ्र बत्तिशी काढून हसला.

आत्यानं निरखून बघितलं. "ह्यो कुनाचा दाल्ला रं?"

मला हसू फुटलं, तिलाही फुटलं, आणि हसता हसताच ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी चहा मागवला.

"पूस त्येला," ती म्हणाली. "मला ह्यांची पाठच बरी."

ती पाठ पिच्चरमध्ये अकरा मिनिटं चालते. एवढा वेळ मी नवरीलासुद्धा देत नाही. देवळापुढे पिच्चर लागला तेव्हा आत्या सगळ्यांच्या मागे बसली होती. पडद्यावर म्हातारा चढ चढला, पलीकडे उतरू लागला, नुसतं घोंगडं दिसायचं राहिलं.

"अवं," आत्या मागून ओरडली, "थांबा की जरा!"