पितळी डब्यातली झोप

मल्लिनाथ शेटे अमेरिकेला गेले तेव्हा त्यांच्या झोपेला व्हिसा मिळाला नाही.

वकिलातीत खिडकीपलीकडच्या बाईंनी पितळी डबा उघडून आत पाहिलं, झाकण पुन्हा नीट बसवलं आणि विचारलं, "ही तिकडे काय काम करणार?"

"काही नाही. झोप आहे ती," मल्लिनाथ म्हणाले.

"मग नेण्याचं कारण?"

तरुणपणी झोपेची बाजू घेऊन कोण भांडतो? ते डबा घेऊन अक्कलकोटला परत आले, थोरल्या बहिणीच्या, सुगलाक्काच्या फडताळात तो ठेवला आणि एकटेच विमानात बसले.

जागा माणूस तिकडे लवकर पुढे जातो. इतर लोक झोपून उठेपर्यंत मल्लिनाथांचं काम झालेलं असे. उरलेली रात्र ते खिडकीशी उभं राहून बर्फ पडताना बघत. मग त्यांनी कंपनी काढली. लोकांची यंत्रं रात्री बंद पडू नयेत एवढंच ती पाहायची, आणि त्या कामाला असा मालक शोधून सापडला नसता. कंपनी वाढली, पुढे विकली गेली. हाती वेळ उरला तेव्हा त्यांनी शाळा बांधल्या, विहिरी खणल्या आणि शेवटी अक्कलकोटला बाळंतिणींसाठी हॉस्पिटल उभं केलं. उद्घाटनाला आले ते म्हातारे होऊन, खिशात झोपेचा मंजूर झालेला व्हिसा घेऊन. दानशूर माणसाचा अर्ज कुणी अडवत नाही. आणि आता हृदय फार जागरण सोसणार नाही, असं तिकडच्या डॉक्टरांनी बजावलंही होतं.

"अक्का, माझी झोप न्यायला आलोय."

अक्का कट्ट्यावर शेंगा सोलत होती. "ने की. तुझीच हाय. पण आत्ता घरात नाही. रत्नाकडं दिलीय."

रत्नाबाई हत्तुरे शेजारच्या. त्यांची लेक बाळंतपणाला सोलापूरला नेताना वाटेतच गेली होती, पोटातल्या बाळासकट. तेव्हा हॉस्पिटलच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या. त्या दिवसापासून रत्नाबाईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"माझी झोप तू लोकांना देतेस?"

"फडताळात ठेवून काय लोणचं घालू? विरजण मागत्यात तशी मागत्यात. परत बी आणून देत्यात."

आयुष्यभर आपण देतो आणि गाव घेतं, अशी मल्लिनाथांची समजूत होती.

दुपारी रत्नाबाई डबा घेऊन आल्या. मल्लिनाथ झोप न्यायला आलेत हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला, पण डबा त्यांनी लगेच पुढे केला. "ज्याची त्याला जाऊ दे. लई उपकार झाले, दादा. लेक दिसायची त्यात."

मल्लिनाथ माजघरात घोंगडीवर आडवे झाले आणि डबा उशाशी उघडला. आपलीच झोप त्यांना ओळखू येईना. ती भरलेली होती. उसनं नेलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, ही रीत त्यांना ठाऊक होती. झोप नेणाऱ्या प्रत्येकानं ती पाळून आपल्या स्वप्नातलं थोडं आत ठेवलं होतं. कुणाचा हरवलेला बैल दारात येऊन उभा राहत होता. कुणाची आई जेवायला हाक मारत होती. सगळ्यात वर रत्नाबाईंची लेक उंबऱ्यात बसून केस विंचरत होती, आणि तिचं विंचरणं संपत नव्हतं.

दिवेलागणीला ते उठले तेव्हा उशी ओली होती. त्यांना खूप बरं वाटलं आणि खूप लाज वाटली.

"बॅगेत उभा ठेव डबा," अक्का म्हणाली. "विमानात सांडंल."

"रत्नाबाईंना दे."

"आणि तू?"

"त्यांचं झालं की माझी पाळी."

"विमान उद्या हाय तुझं."

"पाळी इथंच लागणार ना?"

अक्कानं डबा उचलून हातात तोलून पाहिला. "रिकामी देत नाहीस ना?"

"नाही. घातलंय थोडं."

सकाळी रत्नाबाई आल्या तेव्हा मल्लिनाथ कट्ट्यावर बसून शेंगा सोलत होते.

"अक्का, ह्यात कुणी काय घातलं होतं?"

"का गं?"

"आभाळातनं पांढरं पडत होतं. पिंजल्याला कापूस पडावा तसं. लेक अंगणात उभी राहून ओंजळीत धरत होती. बाळ काखेत होतं. गार होतं सगळं, पण दोघांनाबी थंडी वाजत नव्हती."

"बर्फ आहे तो," मल्लिनाथ म्हणाले. "तिकडे पडतो."

"व्हय का," रत्नाबाई म्हणाल्या. डबा त्यांनी अजून खाली ठेवला नव्हता. "अक्का, आज बी नेऊ का?"

अक्कानं भावाकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. रत्नाबाई डबा पदराखाली धरून घरी गेल्या, आणि मल्लिनाथांची पाळी एक दिवस पुढे गेली.