कटरचं कपाळ

द्वारकाबाईंनी कटरची दोरी ओढली. झाडं कापायचं ते नवंकोरं मशीन खोकलं, धुराचा भपकारा सोडून गप्प झालं. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. महामुश्किलीनं चालू व्हायचं, पण रेस सोडली की बंद.

समोर शेताकडं जाणाऱ्या पाणंदीत बाभूळ आडवी पडली होती. बाभळीपलीकडे द्वारकाबाईंच्या सोयाबीनची गंजी आणि तिला लागूनच दिराची, काकासाहेबांची. मळणीयंत्र दुपारी येणार होतं आणि आभाळ भरून आलं होतं. पावसाआधी एकच गंजी निघणार, हे केदारखेड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. नंबर द्वारकाबाईंनी लावला होता. गंजी भिजली असती, तर सगळ्या वर्षाच्या कष्टाला मोड फुटले असते.

काकासाहेब चपला काढून बांधावर ऐसपैस बसले होते.

"वहिनी, कशाला जीव काढून राह्यल्या? मी माणसं लावतो. फकत मळणी आधी माझी."

"अन् भिजायचं आधी मी?"

"आवं, हे बाईमाणसाचं काम न्हाई."

"बाभळीला इचारलं का तुम्ही, तिला कोणाच्या हातचं चालतं ते?"

नवरा गेल्यापासून द्वारकाबाई एकट्याच शेत कसत होत्या. दिराचा सल्ला चहातल्या माशीसारखा काढून टाकायची त्यांना सवयच झाली होती.

दुकानदार म्हणाला होता, बंद पडलं तर बाजूचा स्क्रू थोडा पिळा. पण 'थोडं' हा प्रकार द्वारकाबाईंना लहानपणापासून मानवत नव्हता. त्यांनी तो चांगला करकचून पिळला. आता कटर रेस न देताच बोंबलायला लागलं आणि साखळीही गरगर फिरू लागली. घाबरून त्यांनी ते खाली ठेवलं, तर ते उड्या मारत बांधाकडे निघालं आणि त्यानं काकासाहेबांची एक चप्पल चावून टाकली.

"आवं वहिनी! माझं पायताण!"

"एकच खाल्लं ना? मंग दुसरं उचला जल्दी!"

द्वारकाबाईंनी बटण दाबून ते बंद केलं, स्क्रू होता तसा केला आणि वरचं झाकण उघडलं. हवेच्या फिल्टरवर हळदीकुंकवाचा जाड थर बसला होता. त्यात झेंडूच्या पाकळ्या आणि अक्षताही होत्या.

आदल्या दिवशी खंडेनवमी झाली होती. विळे, कुऱ्हाडी, पेरणीची पांभर, सगळ्यांची पूजा झाली. कटर नवं, म्हणून त्याला जास्त मान. त्याचं कपाळ कुठं असतं ते कळेना, म्हणून बाईंनी हवा ओढायच्या जाळीवरच भक्तिभावानं मूठभर हळदकुंकू वाहिलं होतं. बिचाऱ्याला श्वासच घेता येत नव्हता.

काकासाहेब पोट धरून हसले. "पूजाच नडली की वो वहिनी!"

"नडली तर नडली. पुढल्या साली बी करीन. कपाळ हुडकून करीन."

त्यांनी फिल्टर झटकला, दात घासायच्या जुन्या ब्रशनं साफ केला, परत बसवला. चोक ओढून दोरीला हिसका दिला. कटर चालू झालं. जीव मुठीत धरून त्यांनी रेस सोडली. साखळी थांबली, पण मशीन शांतपणे घुरघुरत राहिलं. द्वारकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते धुरावर ढकललं.

मग बाभळीचे तुकडे पडले. शेवटचा ओंडका बाजूला सरकतोय तोच ट्रॅक्टरमागं मळणीयंत्र आलं. काकासाहेब टुणकन उठले.

"हिकडं घे रे! वाट मोकळी झाली. आधी माझी गंजी!"

 द्वारकाबाईंनी घुरघुरतं कटर काकासाहेबांच्या गंजीकडं वळायच्या वाटेच्या मधोमध ठेवलं आणि त्या त्याच्या शेजारी मांडी घालून बसल्या. ट्रॅक्टर थांबला.

"पडंल बंद आता," काकासाहेब म्हणाले. सगळे वाट पाहू लागले. मशीन काही बंद पडेना.

तेवढ्यात काकासाहेबांची भाकरी घेऊन त्यांची बायको सगुणाबाई आली.

"सगुणे, जा, ते मशीन बंद कर अन् वहिनीला उठीव."

सगुणाबाईनं भाकरी नवऱ्याच्या हातात दिली, पदर खोचला आणि ती जाऊन थोरल्या जावेशेजारी बसली.

ड्रायव्हर हसला. "काकासाहेब, आता तं दोघी झाल्या. मी बाईंच्याच गंजीला लावतो." आणि त्यानं ट्रॅक्टर तिकडं वळवला.

सगुणाबाईचं तिकडं लक्षही नव्हतं. ती कटर निरखून पाहत होती.

"बाई," तिनं विचारलं, "ह्याला रेस कुठून द्यायची वो?"