सरावाचा किल्ट

आमच्या खालच्या मजल्यावरचे मणेरीकर काका किल्ट घालून कढीपत्त्याला पाणी घालतात.

किल्ट म्हणजे स्कॉटलंडचे पुरुष घालतात तो गुडघ्यापर्यंतचा, चौकटीचा, मागे भरगच्च चुण्या असलेला घागराच म्हणा ना. तिकडच्या थंड डोंगरात, धुक्यात, बॅगपाइप वाजवणाऱ्या उंचनिंच माणसाच्या अंगावर तो शोभत असेल. आमचं गाव अल ऐन. इथे धुकं नसतं, धूळ असते. आणि काका उंचनिंच नाहीत. साठीला टेकलेले, बुटके, पोट पुढे आलेलं. वर अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात रबरी स्लिपर, आणि मधल्या प्रदेशात किल्ट.

आम्ही दुबईहून इथे राहायला आलो त्याच दिवशी मला त्यांचं दर्शन झालं. ट्रकमधून फ्रिज उतरत होता. आमची सात वर्षांची ईशा माझी ओढणी खेचून म्हणाली, "आई, अंकल इज वेअरिंग माय युनिफॉर्म." मी तिला गप्प करायला वळले आणि बघते तर खरंच. हिरव्या-निळ्या चौकटी, मधून बारीक पांढरी रेघ. तिच्या नव्या शाळेसाठी आदल्याच आठवड्यात आणलेला गणवेश हुबेहूब याच कापडाचा होता.

काकांनी ते ऐकलं. पाण्याचा पाइप अळूच्या वाफ्यात सोडून ते पुढे आले. "बरोबर ओळखलंस. शाळेचंच कापड आहे. पोरांना फाटत नाही ते मला काय फाटणार?" मग माझ्याकडे वळून, मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "आत बर्म्युडा आहे वहिनी. लोक विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. खलास, विषय संपला."

विषय अर्थातच संपला नाही. सामान लावून झालं, तशी मी त्यांच्यासाठी पोहे घेऊन खाली गेले आणि सगळी हकिगत काढून घेतली.

काकांची एकुलती एक मुलगी जुई. काकू ती शाळेत असतानाच गेल्या. पंप आणि पाइप विकणाऱ्या कंपनीत नोकरी करत काकांनी तिला एकट्याने वाढवलं. पुढे ती शिकायला एडिंबराला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथल्याच कॅलम नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. लग्न उन्हाळ्यात, तिकडेच. कॅलमच्या आईने फोनवर सांगितलं होतं, की आमच्याकडे वधूचे वडील तिला हात देऊन सगळ्यांच्या देखत पुढे घेऊन येतात. त्या दिवशी तुम्हीही आमच्यासारखा किल्ट घातलात तर आम्हाला फार आवडेल, तुमचा किल्ट आम्हीच पाठवू.

हे सांगताना काकांच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला. "आपल्याकडे बघा, मुलीला मांडवात कोण आणतो? मामा. जन्मभर बापाने सांभाळायचं आणि ऐन वेळी हात धरून आणायचं मामाने. बाप बसलाय आपला पाटावर, गुरुजी सांगतील तिथे पाणी सोडत. हे लोक बापाला चालायला देतात. केवढी गोष्ट आहे."

त्या चालण्यात आपल्याकडून काही चुकू नये, भर सभेत आपल्यामुळे पोरीला ओशाळं वाटू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता. खरा किल्ट यायचा तेव्हा येईल, तोवर अंगाला सवय हवी. म्हणून काकांनी बाजारातल्या सियालकोटच्या मास्टरजींकडे जाऊन, फोनमधला फोटो दाखवून हा सरावाचा किल्ट शिवून घेतला. मास्टरजींनी फोटो जेमतेम पाहिला म्हणे. "साहब, हमारे सियालकोट में तो बैंडवालों के लिए रोज़ बनता है. आप घेर बताइए." घेर मापताना मात्र टेप कमी पडली, हे काकांनीच हसत हसत सांगितलं.

कोणतीही गोष्ट करायची तर तिचा सराव हवा, हे काकांचं ब्रीद. "सराव वहिनी, सराव." बागकाम किल्टमध्ये, बाजारहाट किल्टमध्ये, ऑफिसातून आलं की पँट खुंटीला आणि किल्ट कमरेला. सुपरमार्केटात तर मी त्यांना चालण्याचाही सराव करताना पाहिलं. उजव्या हाताने ट्रॉली ढकलायची, डावं कोपर बाहेर काढून ठेवायचं. एक पाऊल, थांबायचं, मग दुसरं पाऊल. कोपर नुसतं रिकामं बरं दिसत नाही म्हणून त्यात एखादा लांबलचक दुधी धरलेला असे. कडधान्यांच्या गल्लीत त्यांच्यामागे ट्रॉल्यांची रांग लागे आणि काका हनुवटी वर करून, त्या दुधीला सांभाळत, संथपणे डाळींच्या दिशेने चाललेले असत.

बँकेच्या दारावरच्या गार्डची एकदा पंचाईत झाली. अर्धी चड्डी चालणार नाही असं त्याला सांगून ठेवलेलं होतं, लुंगी चालणार नाही असंही सांगितलेलं होतं. याबद्दल मात्र कुणी काहीच सांगितलं नव्हतं. त्याने काकांना वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं आणि हळूच विचारलं, "बैंड में हो?" काका म्हणाले, "इन्शाल्ला." त्याने सोडलं.

मासळीबाजारात याच्या उलट. तिथे एक म्हातारे अरब गृहस्थ सुरमई निवडत होते. त्यांनी काकांना थांबवलं, किल्टचं कापड चिमटीत धरून पाहिलं आणि तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं की माझे आजोबा खजुराच्या बागेत काम करताना असंच गुडघ्यापर्यंत नेसायचे, तुम बहोत अच्छा किया. काका दोन दिवस त्याच खुशीत होते.

मला विचाराल तर माझी त्यांच्याशी खरी ओळख गॅलरीतूनच झाली. संध्याकाळी मी चहा घेऊन तिथे उभी राहते, आणि चहा दरवेळी गार होतो. ऊन उतरलेलं असतं पण गेलेलं नसतं. दूर डोंगर असतो, तो धुळीत असा विरघळतो की आहे की नाही सांगता येऊ नये. खाली काका पाइप धरून उभे असतात. कढीपत्ता, मोगरा, शेवगा, केळीची तीन झाडं, असं सगळं त्यांनी वाळूतून उभं केलेलं. ओल्या मातीचा वास वर येतो. मशिदीतली बांग सुरू झाली की काका नळ बंद करतात, संपली की पुन्हा सुरू करतात. मधल्या त्या वेळात ते नुसते उभे असतात, वाऱ्याने किल्टच्या चुण्या हलत असतात, आणि मला वाटतं की हे सगळं कुणीतरी दुपारच्या झोपेत पाहत असावं आणि आपण त्याच्या झोपेत राहायला आलो आहोत.

इथल्या मराठी मंडळाला मात्र अशी स्वप्नं पडत नाहीत. मंडळात काका हा कायमचा विषय. त्यांचे व्हिडिओ निघत, ग्रुपवर फिरत, खाली हसणारे चेहरे पडत. या सगळ्याच्या सूत्रधार साठे वहिनी. बाई कामाला वाघ, शंभर माणसांची पुरणपोळी एकटीने उरकतील. पण कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं रखडलं, कुणाचं का मोडलं, याची चौकशी पूर्ण झाल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. दोन वर्षांपूर्वी एका मुलीचा साखरपुडा मोडला, तेव्हा तिच्या आईने शेवटी मंडळात येणंच सोडलं म्हणतात. काका दिसले की वहिनी लांबूनच विचारत, "मग मणेरीकर, कधी बार उडवताय?"

"इन्शाल्ला, लवकरच," काका म्हणत.

उन्हाळा आला. उन्हाळा गेला. काका एडिंबराला गेले नाहीत. "थोडं पुढे ढकललंय. तिकडे हॉल मिळणं फार कठीण," असं त्यांनी सांगितलं. मला ते खरंही वाटलं. मग हवा जरा सुसह्य झाली, दिवाळीच्या फराळाचे वास सुटले, आणि एक दिवस सुपरमार्केटात मला काका दिसले. किल्ट तोच. पण ट्रॉली दोन्ही हातांनी ढकलत होते. कोपर अंगाशी, पावलं भराभर, आणि दुधी ट्रॉलीत इतर भाज्यांबरोबर पडलेला.

त्या संध्याकाळी मी चहाचे दोन कप घेऊन खाली गेले. "काका, चालण्याचा सराव थांबवलात?"

काकांनी नळ बंद केला. बांग झालेली नव्हती, तरी बंद केला. पायरीवर बसले. वहिनी न म्हणता पहिल्यांदाच मला नावाने हाक मारून म्हणाले, "लग्न मोडलं, मीनल. एप्रिलमध्येच मोडलं. भांडण नाही, तंटा नाही. दोघांनी बसून ठरवलं की आपलं जमणार नाही. मुलगा चांगला आहे, मी अजूनही म्हणतो."

"मग हा किल्ट?"

"हा उद्या सोडला आणि पँट घालून बाजारात गेलो, तर पहिला प्रश्न काय येईल? काय मणेरीकर, किल्ट कुठे गेला? मग, लग्नाचं काय झालं? मग कुणी मोडलं, का मोडलं, पोरीचंच काही असेल. तुला माहितीये आपले लोक. जुईने मला फोनवर सांगितलं, बाबा, इतक्यात कुणाला सांगू नका, मला बोलवत नाही. तिकडे एकटी आहे गं ती." त्यांनी चुण्या गुडघ्यावर नीट केल्या. "हा घातला की लोक काय म्हणतात? मणेरीकर येडा झालाय. म्हणू देत. माझ्यावर हसण्यातच त्यांचं पोट भरतं. पोरीपर्यंत कुणी पोचत नाही. खलास."

इतके महिने मीही गॅलरीतून हसतच होते की. मी एवढंच म्हटलं, "चहा घ्या काका." आमच्या ह्यांनाही मी यातलं काही सांगितलं नाही.

जानेवारीत जुई सुट्टीवर आली. नेमकी त्याच आठवड्यात मंडळाची सहल होती, इथल्याच एका बागेत, मिसळीचा बेत. नेलं नाही तर का नेलं नाही म्हणून विचारतील, म्हणून काका तिला घेऊन आले. स्वतः अर्थात किल्टमध्ये, आणि त्या दिवशी तर डोक्याला मुंडासं बांधून.

हवा इतकी सुरेख होती की मोठी माणसंही झाडांखाली लोळत होती. सावल्या गवतावर हळूहळू सरकत होत्या, कुठेतरी कोळसे पेटत होते, सगळ्यांचे आवाज लांबून आल्यासारखे वाटत होते. जुई माझ्या शेजारी सतरंजीवर बसली होती. काकांसारखेच बारीक डोळे, आणि त्यांच्याखाली न झोपलेली वर्तुळं. तिने पहिला घास घेतला असेल नसेल, तोच साठे वहिनी समोर येऊन बसल्या.

"किती वाळलीस गं जुई. ये, अशी माझ्याजवळ सरक. आता मला सगळं नीट सांग बघू."

जुईचा पाव रश्शातच राहिला. तेवढ्यात पलीकडून काकांची हाक आली. "वहिनी, यल्ला, चला, व्हिडिओ काढायचा तर आत्ता. मी रस्सीखेचमध्ये उतरतोय."

वहिनींच्या मनाची क्षणभर ओढाताण झाली. पण किल्टमधला मणेरीकर रस्सीखेच खेळतोय हे रोज थोडंच दिसतं? त्या फोन घेऊन उठल्या, त्यांच्यामागून सगळी सतरंजी उठली. काका दोराच्या टोकाला उभे राहिले, टाचा गवतात रोवल्या, "हबीबी, ओढा" म्हणून ओरडले आणि पहिल्याच हिसक्याला पालथे पडून दहा पावलं फरफटत गेले. मुंडासं एकीकडे, चष्मा एकीकडे. लोक पोट धरधरून हसत होते. काकांनी उठून सगळ्यांना लवून नमस्कार केला आणि पुन्हा दोर धरला.

जुई तिकडे बघत होती. ती हसत नव्हती.

"मीनलताई, तुम्हाला माहितीये, बाबा किती लाजाळू आहेत? माझ्या गॅदरिंगला ते शेवटच्या रांगेच्याही मागे, दाराशी उभे राहायचे. आई-बाबांच्या लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत त्यांचा चेहरा नीट नाही. सगळीकडे मान खाली. ही हेट्स बीइंग लुक्ड ॲट. मी आल्यापासून विचारतेय, हे काय चालवलंय तुम्ही. शेवटी काल रात्री जेवताना खरं काय ते बोलले."

ती ताट ठेवून उठली. मला राहवेना, मीही मागोमाग गेले. काका गर्दीच्या कडेला गवत झटकत उभे होते, धाप लागलेली, कोपराला खरचटलेलं.

"बाबा, पुरे आता. मी सांगते त्यांना. आय ॲम ओके."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. वरून शांत दिसत होती, हाताची बोटं मात्र एकमेकांत गच्च रुतवलेली होती. त्यांनी ती आपल्या हातात घेतली.

"सांग की. तुला वाटेल तेव्हा सांग. पण आज नको. आल्यापासून नीट जेवलेली नाहीस. जा, मिसळ गार होतेय, पोटभर खा आधी."

ती गेली. काकांनी चष्मा पुसला, मान खाली घालून क्षणभर तसेच उभे राहिले, एक मोठा श्वास घेतला. मग चुण्या सारख्या करून वळले आणि टाळी वाजवून ओरडले, "यल्ला, यल्ला, कुणाचा फोटो राहिलाय?"