सोड, आणि मागे वळून बघू नकोस

"बाई, फोनचं ते बोंड कानातून काढून बसत जा. समोरच्याला वाटतं, आपल्याशीच बोलताय," असं शिपाईकाकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. बाईंनी ते हसण्यावारी नेलं. विद्यापीठाच्या 'विषय निवड कक्षा'त त्या एकट्याच समुपदेशक, पहिल्या वर्षाची सहाशे मुलं त्यांच्या गळ्यात आणि घरी तीन वर्षांची लेक. बोंड केसांखाली दिसतही नसे, शिवाय हात मोकळे राहत. "काका, देवानं दोन कान दिलेत," त्या म्हणाल्या होत्या. "एक मुलांसाठी, एक मुलीसाठी."

त्या दिवशी दोन्ही कानांची परीक्षा होती. मुख्य विषय बदलायच्या अर्जाची मुदत दुपारी दोनला संपत होती, आणि लेकीचा बालवाडीतला पहिलाच दिवस होता. तिला पोचवायला नवरा गेला होता. नवरा म्हणजे लोण्याचा गोळा. लेकीच्या आधी तोच रडायला लागेल, या धास्तीने बाईंना सकाळचा चहासुद्धा गेला नव्हता.

सव्वादहाला एक मुलगी समोर येऊन बसली. जाड चष्मा, गळ्यात गणित विभागाचं ओळखपत्र, मांडीवर घट्ट धरलेली बॅग.

"मॅडम, मी सोडू का?" तिने इतक्या हळू विचारलं, की टेबलालाही ऐकू गेलं नसावं.

"गणित ना? थांब, तुझे गुण बघते," म्हणत बाई संगणकाकडे वळल्या. तेवढ्यात कानात नवऱ्याचा आवाज घुसला, "अगं, ही माझा पाय सोडत नाहीये! काय करू?"

संगणकावरची नजर न काढता बाई ठामपणे म्हणाल्या, "सोड. आणि मागे वळून बघू नकोस. रडू आलं तर येऊ दे, त्यात काही वाईट नाही. बॅग तिथेच ठेव आणि गेटमधून सरळ बाहेर पड."

गणितात अठ्ठ्याण्णव! बाईंना कौतुक वाटलं. तशाच पडद्याकडे बघत त्या मायेने म्हणाल्या, "आणि हे बघ, घाबरू नकोस. निवांत बस. दोन वाजेपर्यंत वेळ आहे."

मग त्या वळल्या. खुर्चीत फक्त बॅग होती.

पाणी प्यायला गेली असेल, असं त्यांना वाटलं. साडेबाराला मुलगी आली खरी, पण ती दुसरीच. "मी तिची रूममेट," ती म्हणाली. "ती गादी गुंडाळून, चादरीचं बोचकं घेऊन घरी निघाली. कायमची. तुम्हीच सांगितलंत म्हणे."

"मी?"

"'रडू आलं तर येऊ दे, मागे वळून बघू नकोस.' सगळ्या मजल्याला सांगून गेली. आमच्या तर अंगावर काटाच आला, मॅडम."

बाईंच्याही आला. बॅग उघडून बघितली, तर मुलीचा फोन आतच वाजत होता, 'बाबा' असं नाव दाखवत. उचलावा तर काय सांगावं? न उचलावा तर बापाच्या जिवाला घोर. बाईंनी तो रुमालात गुंडाळला, तरी रुमालातून तो थरथरतच राहिला.

दार उघडलं तर बाहेर रांग. "इथे सोडायला परवानगी मिळते म्हणे," पहिला मुलगा आशेने म्हणाला. त्याच्यामागे नऊ जण. त्यांच्यामागे गणिताचे विभागप्रमुख, चेहरा लालबुंद.

"माझ्या विषयानं तुमचं काय घोडं मारलंय?" ते गरजले.

"सर, तो निरोप माझ्या नवऱ्याला होता!"

"त्यांनीही गणित घेतलं होतं का?"

शिपाईकाकांनी नुसती छत्री पुढे केली. बाई बॅग खांद्याला लावून उन्हातून बसस्थानकाकडे पळाल्या.

मुलगी फलाटाच्या टोकाला बोचक्यावर बसलेली होती. एक बस तिच्यासमोरून निघूनही गेली होती.

"चढली नाहीस?"

"पास बॅगेत राहिला. बॅग तिथेच ठेव म्हणालात ना."

बाई तिच्याशेजारी बसल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. नवरा, लेक, पाय, बोंड.

"म्हणजे यातलं मला काहीच नव्हतं?"

"नाही गं."

"रडू आलं तर येऊ दे, हेसुद्धा?"

अर्ज तरी वाचवावा म्हणून बाई म्हणाल्या, "पावणेदोन झालेत. चल, कोणता विषय हवाय ते सांग, मी सही करते."

"गणितच आवडतं मला," मुलगी म्हणाली. "तुमच्या दारावर 'विषय निवड' लिहिलंय, म्हणून विषयाचं विचारलं. तीन महिने झाले, मॅडम, मी जेवताना कुणाशी बोललेली नाही. त्याची पाटी कुठल्या दारावर दिसली नाही."

दोन वाजले. बाईंनी तिला रुमालातला फोन दिला. "बाबांशी बोल," एवढंच त्यांना सुचलं. मुलगी फोनवर म्हणाली, "हो बाबा, छान आहे. तास होता." आणि ती बोचकं उचलून वसतिगृहाच्या वाटेला लागली.

आता बाईंच्या कानात पुन्हा आवाज आला. दबलेला.

"अगं, दोन वाजले. उठू का?"

"कुठून?"

"बालवाडीतून. तूच म्हणालीस ना, निवांत बस, दोन वाजेपर्यंत वेळ आहे. खुर्ची वीतभर आहे गं, निघतच नाहीये मी तिच्यातून."

"त्याआधी सोड म्हणाले होते!"

"ते ऐकलं. पण दुसरं जास्त पटलं."

"आणि लेक? रडली का?"

"ती कशाला रडतेय? सकाळपासून इतर पोरांना सांगतेय, बाबा घाबरलेत, त्यांना त्रास देऊ नका."

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी लेखी कळवलं, की मुलींना घरी धाडणाऱ्या समुपदेशकांनी यापुढे त्यांच्या खोल्यांकडे फिरकू नये. मुदत संपल्यामुळे विषय निवड कक्षाला पुढच्या वर्षापर्यंत कुलूप लागलं. बाईंना परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांवर शिक्के मारायला बसवलं. तिथे त्या दोन्ही कान मोकळे ठेवून बसतात, पण तिथे कुणी येत नाही.

म्हणून बाईंच्या वतीने तुम्हालाच सांगते. वसतिगृहाच्या बाजूला गेलात, तर दुसऱ्या मजल्यावर अकरा नंबरच्या खोलीत जरा डोकावा. जाड चष्म्याची. जेवलीस का, असं विचारलंत तर हो म्हणेल. कुणाबरोबर, तेही विचारा.