डोळ्यांखालच्या पिशव्या व पाणीपुरवठा

माणसाचा चेहरा ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ज्याचा असतो त्याला तो दात घासताना तेवढा दिसतो, बाकी सगळा वेळ तो इतरांच्याच वापरात असतो. म्हणून चेहऱ्यात कोणताही फेरबदल करण्यापूर्वी वापरकर्त्यांच्या हरकती मागवणं रास्त ठरतं. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयातल्या ताईंनी त्या मागवल्या नाहीत, आणि त्यामुळे शहराला पाणी आलं. शेजारच्याच खिडकीत बसत असल्यामुळे हे मी अधिकारवाणीनं सांगू शकतो.

ताई तक्रार खिडकीवर असत. माझी खिडकी चौकशीची. (चौकशीला आलेल्यांना तक्रार खिडकीकडे पाठवणं हे माझं काम. ते मी चोख करतो.) ताईंच्या दोन्ही डोळ्यांखाली पिशव्या होत्या. चांगल्या भरलेल्या, कडेला किंचित जांभळट. माणूस बाह्या सरसावून यायचा, "तीन दिवस नळाला थेंब नाही!" हे वाक्य जिन्यातच घोकत यायचा. खिडकीशी पोचला की ताई मान वर करायच्या. वाक्य घशातच विरघळायचं.

"बरं नाही का ताई?"

"बरी आहे की. बोला, काय काम?"

"नाही, तसं काही नाही. जपा हो स्वतःला."

शंभरातले चौऱ्याण्णव असे परत जात. उरलेल्या सहांपैकी चौघं खालच्या दुकानातून डोकेदुखीची गोळी आणून देत, आणि दोघांचा चष्मा घरी राहिलेला असे, त्यांना खिडकीच सापडत नसे. तक्रारमुक्त कार्यालय म्हणून आम्हाला दर वर्षी मानचिन्ह मिळायचं. ते साहेबांच्या खोलीत, पाण्याच्या रिकाम्या जगशेजारी ठेवलेलं असे.

मग ओळखपत्रांसाठी फोटोग्राफर आला.

"ताई, जरा हसा."

"हसतेच आहे."

त्यानं कॅमेऱ्यातून पुन्हा पाहिलं, काच पुसली, आणखी एकदा पाहिलं. "बरं, मग राहू द्या," म्हणाला.

त्या संध्याकाळी ताई घरी पोचल्या, तर यजमान पेपरातून मान वर न करता म्हणाले, "किती दमलेली दिसतेस गं! मस्त चहा टाक, दोघांनाही बरं वाटेल."

ताईंनी चहा टाकला. तो उकळत असतानाच त्यांचा निर्णय झाला.

आधी त्यांनी सरळ मार्ग वापरून पाहिला. विश्रांतीसाठी पंधरा दिवसांची रजा मागितली. साहेबांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. "ताई, विश्रांती हे रजेचं कारण होऊ शकत नाही. कारण काहीतरी गंभीर लागतं." हे तर्काला धरून होतं. म्हणून ताई सर्जनकडे गेल्या.

सर्जनच्या दवाखान्यात मंद संगीत होतं आणि भिंती सायीच्या रंगाच्या होत्या. त्यांनी ताईंच्या डोळ्यांखाली पेनानं रेघा मारल्या आणि समजावून सांगितलं, "खालच्या पापणीच्या आतून बारीकसा छेद. पुढे आलेली चरबी थोडी काढायची, थोडी पसरवायची. नंतर सूज येईल, काळंनिळं होईल. डोळे कोरडे पडतील. डोळ्यांना पाणीही येईल."

"कोरडेही पडतील आणि पाणीही येईल?"

"हो."

ताईंनी मान डोलावली. आमच्या खात्यात आयुष्य काढलेल्या बाईला यात नवीन काही नव्हतं.

"आणि नंतर?"

"नंतर तुम्ही भरपूर विश्रांती घेतल्यासारख्या दिसाल."

"त्यापेक्षा विश्रांतीच घेतली तर?"

सर्जननी प्रामाणिकपणे विचार केला. "तिला फार वेळ लागतो हो. शिवाय तुमच्या बाबतीत काही पिशव्या वयाच्या आहेत, काही घरच्या. सगळ्या झोपेनं जाणाऱ्या नाहीत."

शस्त्रक्रियेसाठीची रजा साहेबांनी उभ्या उभ्या मंजूर केली.

शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. खरा चमत्कार त्यानंतर घडला. सर्जननी सूचना दिल्या होत्या: वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळे चोळायचे नाहीत, गॅसच्या धगीपाशी उभं राहायचं नाही, डोकं उंच ठेवून पडून राहायचं. या सूचनांप्रमाणे स्वयंपाक, धुणं, केर, लादी व भांडी वजा केली, तर बाईला घरात करण्यासारखं काही उरत नाही. हे वैद्यकशास्त्राच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे. ताईंच्या मात्र आलं होतं.

"अगं, मीठ कुठे असतं?" स्वयंपाकघरातून यजमान.

"मिठाच्या डब्यात."

"आणि तो डबा?"

"लग्नापासून तिथेच आहे."

यजमानांची दुसरीही पंचाईत झाली. बायकोचे दोन्ही डोळे काळेनिळे. लोक काय म्हणतील? म्हणून जिन्यात कुणी भेटलं की काही विचारायच्या आतच ते सांगू लागले, "ऑपरेशन आहे हो, ऑपरेशन." त्याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. शेजारीण ताईंच्या कानाशी येऊन कुजबुजली, "काही वाटलं तर भिंतीवर थाप मारा, मी लाटणं घेऊनच येते." ताईंना हसू फुटलं. पण मोठ्यानं हसायलाही मनाई होती, म्हणून त्या उशांना टेकून नुसत्याच गदगदल्या. मग झोपल्या. दुपारीही झोपल्या. झोपून उठल्यावर पुन्हा झोपता येतं, हा शोध त्यांना त्या वयात लागला.

रजा संपवून ताई कामावर आल्या तेव्हा मी त्यांना चौकशीला आलेली बाई समजून तक्रार खिडकीकडे पाठवलं.

पहिला माणूस आला. ताईंनी मान वर केली. तो पाहतच राहिला, आणि मग त्याला वाचा फुटली.

"आमच्याकडे प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही कुठून न्हाऊन आलात एवढ्या टवटवीत? तक्रार लिहून घ्या माझी!"

'लिहून घ्या' हे शब्द आमच्या दालनात प्रथमच उच्चारले गेले. तक्रारवही शोधावी लागली. ती माझ्या टेबलाच्या आखूड पायाखाली होती. (ती काढल्यापासून माझा चहा सांडतो.) त्या दिवशी रांग जिन्यापर्यंत गेली. लोक भांडत होते, काचेवर बोटं आपटत होते, आणि ताई खुर्ची पुढे ओढून लिहीत होत्या. "किती दिवस पाणी नाही? थांबा, जरा सावकाश ओरडा. हं, पुढे?"

जेवणाच्या सुट्टीत त्या मला म्हणाल्या, "इतकी वर्षं लोक माझी कीव करून जायचे रे. आज पहिल्यांदाच भांडले. किती बरं वाटलं म्हणून सांगू!"

पण लिहिलेली तक्रार पुढे पाठवावी लागते, असा नियम आहे. पुढे गेलेल्या तक्रारीसाठी अभियंत्यांना टाकीपर्यंत जावं लागतं, असाही आहे. अभियंते गेले. मुख्य झडप जवळजवळ बंदच होती. कधीतरी दुरुस्तीसाठी ती बंद केली गेली, आणि उघडायची ज्यांची पाळी होती ते निवृत्त झाले. अभियंत्यांनी झडप फिरवली. शहराला पाणी आलं.

कार्यालयात हाहाकार उडाला. नळाला पाणी असेल तर तक्रार खिडकी कशाला, आणि तक्रार खिडकी नसेल तर मी लोकांना पाठवू कुठे? साहेबांनी ताईंना नोटीस दिली: "कार्यालयाची पूर्वपरवानगी न घेता आपण प्रसन्न का दिसता, याचा खुलासा करावा."

ताईंनी खुलासा दिला: "झोप झाली."

यावर कारवाई करायला नियम सापडेना. साहेबांनी सर्जनना फोन करून पिशव्या परत बसवता येतील का, असंही विचारलं. सर्जन म्हणाले, "काढलेली चरबी आम्ही जपून ठेवत नाही." अखेर ताईंची बदली तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली. तिथे चेहऱ्याचा वापर होत नाही. ताई तिथे आनंदात आहेत. दुपारी दोन गठ्ठ्यांवर डोकं उंच ठेवून झोपतात. घरी मीठ यजमानांच्याच ताब्यात राहिलं आहे, आणि अलीकडे त्यांच्या डोळ्यांखाली काहीतरी धरू लागलंय म्हणतात.

झडप पुन्हा बंद करण्यात आली. तक्रार खिडकीवर नवे गृहस्थ आले आहेत. त्यांच्या पिशव्या पाहून साहेबांनी मुलाखत अर्ध्यातच थांबवली आणि स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली. तक्रारी पुन्हा शून्यावर आल्या आहेत.

तुम्हीही परवा येऊन गेलात. बाह्या सरसावलेल्या होत्या, म्हणून लक्षात राहिलात. गृहस्थांनी मान वर केली तसं तुम्ही त्यांना "जेवलात का?" विचारलंत, आपल्या पिशवीतलं केळं काढून दिलंत, आणि जिना उतरताना म्हणालात, "बिचारा! किती मरतोय आपल्यासाठी." त्या पिशव्या त्यांच्या घराण्यातच आहेत. ते रोज दहा तास झोपतात. त्यांच्या घरी पाणी चोवीस तास असतं.

केळं गोड होतं म्हणाले.