दहापैकी सहा

"आमच्या पुस्तकात एक चूक दाखवा, प्रकाशन बंद करते!" असं मी जगभर सांगत सुटले होते.

प्रकाशन म्हणजे काय, तर आमची मागची खोली, एक कॉम्प्युटर, मी आणि सासूबाई. मोठ्या प्रकाशकांनी 'बघू, कळवू' म्हणत टांगून ठेवलेल्या नऊ बायकांच्या नऊ कथा आम्ही छापायला घेतल्या. प्रुफं तपासायला सासूबाई. छत्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेली बाई, त्यांच्या नजरेतून साधी वेलांटी सुटायची नाही! दुरुस्त्या थेट कॉम्प्युटरवर करायला मीच त्यांना शिकवलं आणि त्यांनी दिलेली फाइल डोळे झाकून छापखान्यात धाडली.

प्रकाशन समारंभाच्या तासभर आधी पुस्तकांचे गठ्ठे आले. मी ऐटीत पहिली कथा उघडली. शेवटी ठळक अक्षरांत छापलेलं: 'कल्पना छान. शेवट घाईत उरकला. दहापैकी सहा.'

"आई! हे काय?"

"गुण."

"अहो, पाचशे प्रतींत छापलेत ते!"

"मग? तपासलेला पेपर गुण न देता परत करतात का कधी?"

नऊच्या नऊ कथांना गुण! केवढ्या विश्वासानं दिल्या होत्या बायकांनी कथा! आता एकही लेखिका पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकणार नव्हती.

तेवढ्यात सहा गुणवाल्या डॉक्टरीणबाई आल्याच. वाचून लालबुंद!

"सहा? मला? उभ्या जन्मात नव्वद टक्क्यांच्या खाली उतरले नाही मी!"

"मी सगळं पुन्हा छापून देते हो..."

"थांबा! सगळ्यात जास्त कुणाला?"

"बसच्या कंडक्टरबाईंना. नऊ."

त्यांनी ती कथा उभ्या उभ्या वाचून काढली. मग डोळे पुसले आणि सासूबाईंपुढे जाऊन म्हणाल्या, "बरोबर दिलेत, बाई. माझा शेवट पुन्हा लिहून आणला तर तपासाल?"

मग काय! गुण बरोबर आहेत का ते बघायला समारंभाला आलेल्या प्रत्येकानं नऊही कथा वाचायला घेतल्या. गठ्ठे संपले! सासूबाईंभोवती नऊ लेखिकांचा गराडा बघून माझा ऊर भरून आला. मी लगेच माइक धरला, "ही आमच्या प्रकाशनाची खास नवी कल्पना!"

"तुझी प्रस्तावना वाचलीस का गं छापलेली?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

स्वतःची प्रस्तावना कोण वाचतं! उघडली. खाली ठळक अक्षरांत: 'स्वतःचं कौतुक फार. दहापैकी दोन. पालकांना घेऊन येणे.'

माहेरून आई सोमवारी येतेय.